आधी रात्रपाळीचा पहारा लिहा

युद्धनौकेवरच्या आठवणींवर तुम्ही लिहीत असलेल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं. टॉर्पेडो पहिल्याच पानावर फुटतो, पण तोवर जहाजावरचं एकही माणूस ओळखीचं झालेलं नसतं. इंग्रज कादंबरीकार निकोलस मॉन्सरात दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये कॉर्व्हेटवर, म्हणजे छोट्या युद्धनौकेवर होते. १९५१च्या ‘द क्रुएल सी’ या कादंबरीत जहाज मात्र त्यांनी काल्पनिक घेतलं. तुम्हीही जहाजाचं नाव बदला. सोबत्यांच्या घरच्यांना जपता येतं, शिवाय हात मोकळा होतो.

मध्यरात्री बारा ते पहाटे चारचा पहारा आधी लिहा: ओलाकच्च कोट, कोकोचा मग, सोनारचा (आवाज सोडून पाण्याखालची पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा) तोच तो ‘पिंग’ आणि अचानक प्रतिध्वनी आला की सगळ्यांचे अडकलेले श्वास. तारखा लॉगबुकशी, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवहीशी ताडून घ्या. आठवणीवर विसंबून मी फसलोय. गेलेल्या मित्राचं पान मात्र सावकाश लिहा, हवं तर सगळ्यात शेवटी.