अमिटीव्हिलचं झपाटलेलं घर खरं होतं की सगळा बनाव?

खून खरे, भूत रचलेलं. थोडक्यात उत्तर एवढंच. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की कोल्हापुरात एक बंगला बाजारभावापेक्षा बराच खाली मिळतोय, त्या घरात पूर्वी कुणीतरी जीव दिला होता, आणि अमिटीव्हिलवरचा सिनेमा बघून घरच्यांनी धसका घेतलाय. म्हणून जरा बैजवार लिहितो. जुनी घरं दुरुस्त करून द्यायचं माझं काम आहे, त्यामुळं या गोष्टीत मला भुतापेक्षा दारं-खिडक्यांत जास्त रस.

आधी ज्याबद्दल वाद नाही ते. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर अमिटीव्हिल नावाचं गाव आहे. तिथं 112 ओशन अव्हेन्यू या घरात 13 नोव्हेंबर 1974 ला पहाटे रोनाल्ड डीफिओ नावाच्या 23 वर्षांच्या पोरानं आई, वडील, दोन भाऊ आणि दोन बहिणी अशी घरातली सहा माणसं रायफलनं मारली. त्याच्या डोक्यात आवाज येत होते, तो वेडाच्या भरात होता, असा वकिलाचा बचाव होता. ज्युरीनं तो मानला नाही. प्रत्येक खुनाला 25 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा लागली आणि 2021 मध्ये तो कैदी म्हणूनच मेला.

डिसेंबर 1975 मध्ये ते घर जॉर्ज आणि कॅथी लट्झ या जोडप्यानं 80,000 डॉलरला घेतलं. सोबत कॅथीची आधीच्या लग्नाची तीन मुलं. घरात काय झालं होतं हे त्यांना ठाऊक होतं. एवढंच नाही, तर वर 400 डॉलर देऊन डीफिओंचं बरंचसं फर्निचरही त्यांनी ठेवून घेतलं! आपल्याकडं वारलेल्या माणसाची गादीसुद्धा कुणी घरात ठेवत नाही. खून झालेल्या कुटुंबाच्या सामानात पोराबाळांसह राहायचं म्हटल्यावर कुणाला नीट झोप लागली असती? माझ्या मते त्यांच्या भीतीची सुरुवात बहुधा इथंच झाली असणार.

28 दिवसांत त्यांनी घर सोडलं. 1977 मध्ये जे ॲन्सन यांचं पुस्तक आलं, 'सत्यकथा' असा शिक्का मारून. 1979 मध्ये सिनेमा निघाला. भिंतीतून ओघळणारा चिकट द्रव, भर थंडीत माश्यांचे थवे, रात्री सव्वातीनला दचकून उठणारा जॉर्ज, सगळं त्यात आहे.

आता माश्या आल्या की नाही हे आज कुणालाच तपासता येणार नाही. पण ज्या गोष्टींचा माग मागं राहतो त्या तपासता येतात, आणि पुस्तक नेमकं तिथंच उघडं पडतं. बर्फात सैतानाच्या खुरांचे ठसे उमटले म्हणे. हवामानाच्या नोंदी काढल्या तर त्या वेळी तिथं बर्फच पडलेलं नव्हतं. पोलीस येऊन गेले म्हणे. त्या 28 दिवसांत लट्झ कुटुंबानं पोलिसांना एकदाही बोलावल्याची नोंद नाही.

मला सगळ्यांत पटलेला पुरावा दाराचा. पुस्तकात त्या घराचं अवजड पुढचं दार अदृश्य शक्तीनं उखडलंय, एका बिजागरीवर लोंबकळतंय. नंतरच्या मालकांकडं जाऊन लोकांनी बघितलं तर बिजागऱ्या, कुलपं, मुठी सगळं जुनंच होतं, रंग आणि वार्निशला कुठं धक्का नव्हता. हे साधं वाटेल, पण कुठल्याही सुताराला विचारा. जुन्या दाराच्या बिजागरीवर रंगाचे थर चढत जातात, स्क्रूच्या खाचा रंगानं बुजतात, बिजागरी आणि चौकट यांच्यामधली रेघसुद्धा दिसेनाशी होते. अशी बिजागरी एकदा उचकटली की रंगाचा टवका उडतो, स्क्रूचं भोक सैल होतं, लाकूड पिंजतं. मग लांबी (पुट्टी) भरा, पॉलिश मारा, बोट फिरवलं की कळतंच. अवजड दार उखडून परत बसलं आणि रंगाला चीरसुद्धा नाही, असं होत नसतं.

मग गोष्ट आली कुठून? डीफिओचा वकील होता विल्यम वेबर. त्याला अशिलासाठी खटला पुन्हा चालवायचा होता, आणि घरातच काहीतरी अघोरी आहे असं लोकांना वाटलं तर त्याला ते हवंच होतं. लट्झ पती-पत्नी त्याच्यासोबत बसले, पुस्तकाची बोलणी झाली, पुढं पैशावरून बिनसलं. मग 1979 मध्ये वेबरनंच जाहीर सांगून टाकलं की ही भयकथा आम्ही वाइनच्या बाटल्या रिचवत रचली. त्याच भांडणाच्या दाव्यात न्यायाधीश जॅक वाइनस्टीन यांनीही म्हटलं की पुस्तक बऱ्याच अंशी काल्पनिक दिसतं आणि त्यात वेबरच्या सूचनांचा मोठा वाटा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वेबर काही संत नव्हता. त्याचाही पैशाचा वाद होता, म्हणून नुसत्या त्याच्या शब्दावर मी गेलो नसतो. लट्झ दोघंही लाय डिटेक्टर चाचणीत पास झाले होते आणि मुख्य गोष्ट खरीच असं शेवटपर्यंत म्हणत राहिले. पण त्या यंत्राला श्वास, नाडी आणि घाम कळतो, भूत कळत नाही. ज्याला मनापासून भीती वाटली तो पास होऊ शकतो. आपल्याकडं भानामतीच्या प्रकरणात घरावर दगड पडतात, कपडे पेटतात, सगळं घर खरोखर घाबरलेलं असतं, आणि अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते जाऊन बसले की बहुतेक वेळा करणारा घरातलाच कुणीतरी निघतो. भीती खरी असते म्हणून कारण खरं ठरत नाही.

आता तुमच्या कामाचं. लट्झ गेल्यावर 1977 मध्ये तेच घर क्रोमार्टी नावाच्या जोडप्यानं 55,000 डॉलरला घेतलं. म्हणजे 25,000 डॉलर कमी. दहा वर्षं राहिले, भूत काही भेटलं नाही. त्रास झाला तो बघ्यांचा. रात्री-अपरात्री गाड्या थांबायच्या, लोक अंगणात शिरायचे. शेवटी त्यांनी पुस्तकवाल्यांवर दावा लावला, तो बाहेरच मिटला. पुढं घराचा नंबर बदलला, डोळ्यांसारख्या दिसणाऱ्या त्या प्रसिद्ध खिडक्याही बदलल्या.

तुमच्या बंगल्याचं भूत मी बघणार नाही, दोन गोष्टी बघीन. एक, वकिलाकडून सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासलेला अहवाल) आणि प्रॉपर्टी कार्ड. 'घर लाभत नाही' या बोलण्यामागं कितीतरी वेळा भावकीचा दावा दडलेला असतो आणि भाव त्यामुळं पडलेला असतो. दोन, पूररेषा. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फूट. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. शाहूपुरीच्या खालच्या अंगाला किंवा नागाळा पार्कात असेल तर शेजाऱ्याला विचारा, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं. भिंतीला खालून चार फुटांपर्यंत नवा गिलावा आणि वर जुना, असं दिसलं तर न विचारता समजा.

दोन्ही ठीक असेल तर घ्या, वास्तुशांत घाला, घरच्यांना बरं वाटेल. फक्त भाव अजून पाडून मागा, कारण उद्या विकायला काढाल तेव्हा येणारं गिऱ्हाईक हीच गोष्ट तुम्हाला ऐकवणार.