‘संतोषाने देणारा’ : संतोष की आनंद?

बायबलच्या नव्या करारातील, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (9:7, म्हणजे नववा अध्याय, सातवी ओवी) संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो, असे प्रेषित पौल म्हणतो. त्यावर एका वाचकाने विचारले आहे की, संतोष म्हणजे जर आहे त्यात समाधान मानणे, तर त्याचा देण्याशी काय संबंध, आणि तेथे ‘आनंदाने’ किंवा ‘सढळ हाताने’ असे का म्हटले नाही?

‘सढळ हाताने’ हा प्रयोग प्रचलित मराठी भाषांतरात आहेच, पण तो आधीच्या ओवीत, पेरणीच्या दृष्टान्तात येतो. तेथे हात राखून पेरणारा आणि सढळ हाताने पेरणारा असे दोघे समोरासमोर ठेवले आहेत. मूळ ग्रीकमध्ये हाताचा उल्लेख नाही. ‘काटकसरीने’ आणि ‘आशीर्वादपूर्वक’ अशा अर्थाचे शब्द आहेत. त्यांच्यासाठी भाषांतरकारांनी हाताचे हे दोन वाक्प्रचार योजले, ही मला फार सुंदर निवड वाटते, कारण मराठीत कृपणता आणि औदार्य ही दोन्ही हातावरूनच ओळखली जातात : हात आखडतो, हात सैल सुटतो.

सातव्या ओवीत मात्र प्रश्न हाताचा नसून मनाचा आहे. तेथील ‘हिलारोस’ हे ग्रीक विशेषण संपूर्ण नव्या करारात केवळ याच ठिकाणी आले असून, चेहऱ्यावर उमटणारी प्रसन्नता ही त्याची मुख्य छटा आहे. शब्दशः पाहता ‘हसतमुखाने’ किंवा ‘प्रसन्न मनाने’ हे त्याच्या अधिक जवळचे ठरतील, हे मान्य करावे लागेल. पण पौलाने त्याच्या विरोधात काय ठेवले आहे तेही पाहिले पाहिजे : दुःखी मनाने देणे आणि देणे भाग पडते म्हणून देणे. ‘संतोष’ हा शब्द ‘तुष्’ या धातूपासून आला असून मराठीत त्याला तृप्ती आणि हर्ष असे दोन्ही अर्थ आहेत; ‘संतोषी वृत्ती’मध्ये पहिला अर्थ आहे, तर ‘ऐकून संतोष झाला’ यात दुसरा. ज्याला आपल्याजवळचे पुरेसे वाटते, त्यालाच देताना तुटल्यासारखे होत नाही, आणि म्हणून हे दोन अर्थ येथे एकमेकांना आधार देतात. पुढच्याच ओवीत पौल ‘औतार्केइया’, म्हणजे पुरेसेपणा, याविषयी बोलतो, हे लक्षात घेतले की ‘आनंदाने’पेक्षा ‘संतोषाने’ हाच शब्द मला अधिक खोल वाटतो.

देण्यात हातापेक्षा मन मोठे, हे येशूच्या एका प्रसंगातही दिसते. मंदिराच्या दानपेटीत दोन लहानशी नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेच्या दानाला रकमेवरून कोणी सढळ म्हणणार नाही. पण तिने आपली सारी उपजीविकाच दिली, असे येशू सांगतो.

लिहिताना एवढे सांभाळावे की ‘संतोषाने’ हे क्रियाविशेषण आहे. ‘संतुष्ट दाता’ असे म्हटले, तर देऊन झाल्यावर समाधान पावलेला मनुष्य डोळ्यांसमोर येतो. पौलाला मात्र देण्याआधीचे आणि देतानाचे मन अभिप्रेत आहे.