बॅरलवर १८९४ असेल तर विंचेस्टर १८९४ सालचीच असते का?

तुमच्या मोंटानातल्या घरमालकांकडे त्यांच्या वडिलांची विंचेस्टर कंपनीची बंदूक आहे, बॅरलवर 'ऑगस्ट २१, १८९४' आणि '३० डब्ल्यू. सी. एफ.' असे ठसे आहेत, आणि ती १८९४ ची आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. ती तारीख पेटंटची. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या या रचनेला त्या दिवशी पेटंट मिळालं आणि पुढे कित्येक वर्षं तोच ठसा बॅरलवर बसत राहिला. माझ्याकडची पहिल्या महायुद्धाच्या थोडी आधीची आहे, तिच्यावरही हेच लिहिलंय. शिवाय ३० डब्ल्यू. सी. एफ., म्हणजे आजचं थर्टी-थर्टी काडतूस, १८९५ साली आलं. त्याआधी ही बंदूक ३२-४० आणि ३८-५५ या काडतुसांसाठीच मिळायची. म्हणजे बॅरल मूळचं असेल तर १८९४ हे साल इथेच बाद झालं.

खरं वय सिरियल नंबर सांगतो. तो शोधण्याआधी बंदूक रिकामी आहे याची स्वतः खात्री करा. बॅरलखालच्या नळीत एखादं काडतूस वर्षानुवर्षं पडून राहिलेलं असू शकतं. चापापासून बोट लांब ठेवून लिव्हर, म्हणजे चापाभोवतीची दांडी, पुन्हा पुन्हा चालवा आणि मग आत डोकावून बघा. एवढं झालं की बंदूक उलटी करा. रिसीव्हरच्या, म्हणजे बॅरल जिथे बसते त्या मधल्या धातूच्या भागाच्या, पोटावर, पुढच्या टोकाला नंबर असतो. माझ्या बंदुकीवर तो इतका झिजला होता की समोरून काहीच दिसेना. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा आकड्यांच्या कडांच्या सावल्या पडल्या आणि ३ की ८ हा घोळ मिटला.

अंदाजासाठी खुणेचे दगड असे : दहा लाखावी बंदूक १९२७ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली, पंधरा लाखावी १९४८ मध्ये ट्रुमन यांना, वीस लाखावी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांना. नंबर २७ लाखांच्या पुढे असेल तर ती १९६४ किंवा त्यानंतरची. त्या वर्षी कारखान्याने खर्च वाचवायला घडणच बदलली. लिव्हर उघडल्यावर काडतूस वर उचलणारा भाग दिसतो. तो भरीव घडवलेला असेल तर जुनी, पत्र्याचा ठोकून काढलेला असेल तर नंतरची. संग्राहक याच वर्षावर एवढे का अडून बसतात, हे दोन्ही शेजारी ठेवून एकदा लिव्हर ओढली की हातालाच कळतं.

नंबर दीड लाखाच्या आसपास निघाला तर मात्र नंबरावरून साल सांगणाऱ्या कोष्टकावर विसंबू नका. १८९८ संपेपर्यंत बनलेली बंदूक अमेरिकेच्या संघीय कायद्यात 'अँटिक' ठरते, आणि निरनिराळी कोष्टकं त्याच नंबरला निरनिराळं साल देतात. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बंदुकांच्या संग्रहालयात कारखान्याच्या मूळ वह्या आहेत. या मॉडेलच्या ३,५३,९९९ पर्यंतच्या नंबरांची नोंद तिथे सापडते, आणि ते तसं लेखी पत्रही देतात.

बॅरल नंतर बदललेलं असू शकतं, तेही तपासा. १९०५ पासून बॅरलवर आणि रिसीव्हरवर लंबगोलात 'डब्ल्यू. पी.' अशी छोटी खूण येते. एकावर ती आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं दिसलं तर जोडणी मूळची नसावी.

आणि कृपा करून ती चकचकीत करू नका, घरमालकांनाही करू देऊ नका. धातूवर चढलेला तपकिरी रंग शंभरेक वर्षांचा असेल तर तो परत आणता येत नाही. मऊ फडक्यावर थोडं तेल पुरे. नंबर मिळाला की शेवटचे दोन आकडे झाकून इथे लिहा, साल शोधायला मी मदत करतो.