पोटाची चरबी: चिमटीत येणारी आणि न येणारी

पत्रं वेगवेगळ्या गावांची, गोंधळ तोच. म्हणून काही उत्तरं इथे एकत्र देतो.

सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्याने चरबी वितळते का? (निपाणी)

नाही. मोठा चमचाभर मधाने ६० कॅलरी मात्र वाढतात. मधुमेह असेल तर आजच बंद करा.

भात सोडून सहा महिने झाले, दोन्ही वेळा भाकरीच खातो. वजन जसंच्या तसं! (खानापूर)

सगळा दोष भाताला देतात आणि भाकरी मोकळी सुटते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ३५० च्या आसपास कॅलरी असतात, कोरड्या तांदळातही तितक्याच. घरची एक भाकरी किती पिठाची, ते एकदा कोरडं पीठ काट्यावर ठेवून बघा. ८० ग्रॅमची निघाली तर तीन भाकऱ्यांच्या ८४० झाल्या. त्यावर शेंगदाण्याची चटणी, चटणीवर कच्चं तेल. मोठा चमचाभर तेल म्हणजे आणखी १२५. जेवणाला दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, उरलेलं ताट पालेभाजी-कोशिंबिरीचं ठेवा. चार माणसांना महिन्याला दोन लिटर तेल पुरे. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी उत्तम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कुंदा (दुधाची मिठाई) सोडला. गुळाचा करदंट चालेल ना? (गोकाक)

गूळही साखरच. सणाला एक तुकडा.

दोन सिझेरियन झाली आहेत, ओटीपोट सुटलंय. चरबी गोठवण्याच्या मशीनचं सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, महिन्यात दहा किलो म्हणतात. आज पैसे भरले तर निम्मी सूट आहे. घेऊ का? (टिळकवाडी, बेळगाव)

पैसे भरू नका. 'आजच' हा शब्द दुकानातला, उपचारातला नव्हे.

आधी पाठीवर झोपा, गुडघे दुमडा आणि बेंबीखाली चिमूट धरा. जाड वळी हातात आली तर ती कातडीखालची चरबी. पोट पुढे आलेलं पण टणक, आणि चिमटीत नुसती कातडी येत असेल, तर चरबी आत, आतड्यांभोवती आहे. मशीनचा कप वळी ओढून घेतो आणि गार करतो. जे कपात येतच नाही ते गोठणार कसं? मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका या आतल्या चरबीचाच जास्त, आणि ती आहार-व्यायामाने उतरते.

वळी असली तरी दहा किलो विसरा. गारठ्याने मेलेल्या चरबीपेशी शरीर दोन-तीन महिन्यांत काढून टाकतं, त्या जागचा थर साधारण २० ते २५ टक्के पातळ होतो. काटा जवळपास हलत नाही. मग लागोपाठ सहा सिटिंग कशाला? पहिलीचा परिणाम दिसायच्या आत सहावीचे पैसे मिळावेत म्हणून.

तुमच्या बाबतीत आणखी एक. उभ्या राहून खोका. व्रणापाशी किंवा बेंबीपाशी फुगवटा आला तर हर्निया असू शकतो. मग मशीन नाही, आधी सर्जन. बाळंतपणात पोटाचे स्नायू फाकले असतील तर त्यावर मशीनचा उपयोग नाही, फिजिओथेरपिस्ट लागतो. कप आणि कातडीमध्ये जेलचा पॅड नीट बसला नाही तर कातडी गारठून भाजते. गार पाण्याने अंगावर गांधी उठणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. क्वचित कुणाची चरबी घटायच्या ऐवजी काही महिन्यांनी कपाच्याच आकारात घट्ट वाढते, ती आपोआप जात नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. पार्लरमध्ये हे कोण सांगणार?

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावा. ८० सेंटिमीटरच्या वर (पुरुषांत ९०) असेल तर आधी फिजिशियनकडे जा; साखर, लिपिड (रक्तातली चरबी), यकृत तपासून घ्या. मशीनचा विचार त्यानंतर, तोही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून.

भावाला मधुमेहासाठी आठवड्याचं इंजेक्शन आहे, तो बारीक झाला. त्याचंच घेऊ? (चिकोडी)

नाही. सेमाग्लुटाइड किंवा तिर्झेपॅटाइड ही अशी इंजेक्शनं कमी डोसपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवतात. उलट्या, पित्ताशयाचे खडे, स्वादुपिंडाची सूज होऊ शकते. घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर देतच नाहीत. बंद केल्यावर वजन बहुधा परत चढतं. तुम्हाला गरज आहे का, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. आणि भावाचं इंजेक्शनचं पेन, सुई बदलली तरी, दुसऱ्याने वापरायचं नसतं.