ती संगत तोडू नका

मिरज जंक्शनवरून घरी परतलेल्या मुलांच्या नातेवाइकांची एक तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतेय : "मॅडम, कपडालत्ता दिला, पोटभर खायला घातलं, तरी पोरगं त्या स्टेशनवरच्या पोरांकडंच पळतंय. ही संगत सुटायची कशी?"

अशाच एक आत्या भाच्याला घेऊन आल्या. आई वारली, बापाची दारू सुटेना, म्हणून पोरगा घरातून निघालेला. प्लॅटफॉर्मवर बाटल्या वेचून जगलेला. पहिल्या भेटींत तो बोललाच नाही. नशेसाठी हुंगतात ते सोल्युशन, शाळा, कसलाच विषय न काढता मी एवढंच विचारलं, "ताप आला की जवळ कोण बसायचं?"

"छोटू." मान वर झाली. "फडका भिजवून डोक्यावर ठेवायचा. वडापाव एकच असला तर अर्धा मला. मी नसलो तर माझा अर्धा कागदात बांधून ठेवायचा."

आत्या थबकल्या. "म्हणून रोज रात्री उशाखाली अर्धी भाकरी ठेवतोस व्हय रं?"

घरात तीच भाकरी चोरी ठरली होती. पोरगं हमसून रडलं. मी थांबवलं नाही.

मी जिव्हाळ्याच्या नात्यांवर भर देणारी समुपदेशक आहे. १९४५ मध्ये नाझी छळछावणीतून इंग्लंडला आणलेल्या सहा चिमुकल्यांबद्दल बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी लिहून ठेवलंय : आईबाप गमावलेली ती मुलं एकमेकांना क्षणभर सोडत नसत, आणि जेवताना स्वतःच्या घासाआधी शेजारच्याला वाढत. मोठं माणूस नसलं की मुलं एकमेकांचे आईबाप होतात. ते नातं तोडलंत, तर मूल दुसऱ्यांदा पोरकं होतं.

मात्र सगळीच संगत अशी नसते. कमाई कोण ठेवून घेतं, मार कोण देतं, आजारपणात कोण थांबतं, हे मुलाला शांतपणे विचारा. पैसे काढून घेणारा 'दादा' असेल, तर त्याच्यापासून मुलाला लांब ठेवायलाच हवं.

छोटूसाठी आत्यांनीच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. असं निराधार मूल सापडलं की २४ तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीपुढे, न्यावं लागतं. तिथे या मैत्रीची नोंद करायला सांगा, भेटीची परवानगी मागा. आत्यांना ती मिळाली. भेटीचा वार ठरला की काही झालं तरी चुकवू नका, आणि 'नीट वागलास तरच नेईन' अशी अट कधीच घालू नका.