गोव्यात ‘हार्डी’ जास्वंद घरच्या बागेत होईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्याहून पर्वरीला राहायला आलात, घरापुढे थोडी मोकळी जागा आहे, ‘हार्डी हिबिस्कस’ (म्हणजे काटक जास्वंद) म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बियांचे, जेवणाच्या ताटाएवढ्या फुलांचे फोटो बघितलेत. ते झुडूप इथे टिकेल का, आणि लावायचं तर कसं?

टिकेल. फुलेल की नाही, हा खरा प्रश्न आहे. मी डिचोलीकडचा, जास्वंदीच्या वईत, म्हणजे कुंपणातच, वाढलेला, तेव्हा माझं मत थोडं एकतर्फी वाटलं तर चालवून घ्या.

त्या नावाखाली मुख्यतः दोन झाडं विकतात. ताटाएवढं फूल असतं ते हिबिस्कस मॉस्क्यूटॉस. हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पाणथळ जागांचं झाड. थंडीत ते जमिनीपर्यंत सुकून जातं, खालचा गड्डा उणे 25 अंशांतही जिवंत राहतो आणि हवा तापली की पुन्हा कोंब येतात. फूल 25 सेंटिमीटरपर्यंत भरतं, टिकतं मात्र एकच दिवस. दुसरं हिबिस्कस सिरिॲकस, म्हणजे दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल. नाव सिरियाचं असलं तरी झाड मूळचं चीनकडचं. फोटोत जी ‘निळी जास्वंद’ दिसते ती बहुधा याचीच जांभळट जात असते, निळा रंग वरून चढवलेला.

दोन्ही झाडं काटक आहेत ती बर्फाला, आणि पणजीत जानेवारीतही रात्रीचं सरासरी तापमान 20 अंशांच्या आसपास असतं. म्हणजे ज्या गुणासाठी जास्तीचे पैसे मोजायचे, त्याचा इथे काही उपयोग नाही. त्याहून मोठी अडचण दिवसाच्या लांबीची. मॉस्क्यूटॉसला कळी धरायला मोठा दिवस लागतो, साधारण 14 तास किंवा त्याहून जास्त. न्यूयॉर्कला जूनमध्ये दिवस 15 तासांचा असतो. गोवा 15 अंश अक्षांशावर, त्यामुळे आपला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम 13 तासांचा, आणि तोही नेमका जूनमध्ये, आभाळ भरलेलं असताना. म्हणून इथे हे झाड पानांनी छान भरतं, उंच होतं आणि कळीचं नाव घेत नाही. सिरिॲकसला निदान थोडीफार फुलं येतात, पण मी किनारपट्टीला पाहिलेल्या झाडांवर ती लहान आणि तुरळकच होती. पावसात तर त्या झाडाकडे बघवत नाही.

गोव्यात झाडाची परीक्षा पाऊस घेतो. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाणी, बहुतेक सगळं जून ते सप्टेंबरमध्ये, आणि मग मेपर्यंत जवळजवळ कोरडं. चार महिने सतत भिजणं आणि पुढचे महिने चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) भाजणं हे दोन्ही ज्याला सोसतं ते इथलं काटक झाड. ती परीक्षा आपली साधी लाल, पाच पाकळ्यांची, गणपतीला वाहतात ती जास्वंद कधीच पास झालेली आहे. ती कुठल्या नर्सरीतून विकतही आणावी लागत नाही, शेजाऱ्याकडून फांदी मागायची.

फांदी पेन्सिलीएवढ्या जाडीची घ्या, अगदी कोवळी नको आणि पार लाकूड झालेलीही नको. वीतभर लांब, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढून टाकायची. जूनचे पहिले पाऊस पडून गेले की रेतीमिश्रित मातीत सावलीला खोचा. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. जुलैच्या झोडपणीत खोचलेल्या फांद्या बऱ्याचदा कुजतात, तेव्हा जून चुकला तर सरळ सप्टेंबरपर्यंत थांबा. पावसात गोगलगायी कोवळी पालवी एका रात्रीत साफ करतात. बॅटरी घेऊन रात्री वेचणं हाच त्यावर उपाय.

पर्वरी पठारावर आहे. हातभर खणलं की चिरा लागेल. तिथे पिकास घेऊन खड्डा पाडत बसाल तर पावसात त्या खड्ड्याची टाकी होईल आणि मुळं बुडून मरतील. त्यापेक्षा वर या. चार-सहा चिरे गोल किंवा चौकोनी रचा, दीड-दोन फूट उंच, सांध्यांना सिमेंट लावू नका म्हणजे पाणी झिरपून जाईल. तळाला नारळाची सोडणं (वरची जाड साल) खोलगट बाजू वर करून पसरायची, त्यावर लाल माती, जुनं शेणखत आणि पालापाचोळा. सोडणं एप्रिल-मेत ओल धरून ठेवतात आणि दोन-तीन वर्षांत कुजून मातीत जातात. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा बघा. माडाच्या बुंध्याजवळ नको, माडाची मुळं वरचं सगळं खत खातात आणि झावळी पडली की झुडूप मोडतं ते वेगळंच.

आपली लाल माती आंबट आणि लोहाने भरलेली, जास्वंदीला ती मानवते. तरी नव्या घराच्या भिंतीलगत लावलेल्या झाडाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं, तर तिथे बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडा गाडलेला आहे असं समजा. त्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि असलेलं लोह झाडाला उचलता येत नाही. खत घालून काही होत नाही, राडा काढून माती बदलावी लागते. खालची जुनी पानं अधूनमधून पिवळी होऊन गळतात, त्याला घाबरायचं कारण नाही.

छाटणीचं गणित चवथीवर बसवा. जास्वंद नव्या फुटव्यावरच फुलते, आणि छाटल्यापासून फुलं यायला साधारण दोन-अडीच महिने जातात. मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, फांद्या एक तृतीयांश कमी केल्या की भाद्रपदात झाड भरलेलं असतं. दुसरी हलकी छाटणी पाऊस पूर्ण गेल्यावर. भर पावसात कात्री लावू नका, कापलेली टोकं काळी पडून खाली खाली कुजत जातात. पूजेसाठी कळ्या आदल्या संध्याकाळी काढून आणल्या तरी सकाळी घरात उमलतात, पाण्यात ठेवायचीही गरज नाही. हे सांगण्याचं कारण असं की रस्त्याकडेच्या झाडावरची फुलं तुम्ही उठायच्या आत मॉर्निंग वॉकवाल्यांच्या पिशवीत गेलेली असतात. त्यावर दुसरा इलाज मला माहीत नाही.

आता जास्वंदीचा खरा शत्रू, पिठ्या ढेकूण. मार्चपासून पाऊस येईपर्यंत याचा जोर. शेंड्याची पानं आखडून, चुरगळून एकमेकांत गुंततात, कळ्या उमलायच्या आत गळतात, आणि ती पानं उलगडून बघितली की आत पांढरा कापूस आणि बोट लावलं तर गुलाबी चिकट रस. ही कीड मूळची आपल्या दक्षिण आशियाकडचीच. 1994 मध्ये ती कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचली आणि तिथल्या झाडांची दैना करून टाकली, शेवटी तिच्यावर जगणारी इवलीशी गांधीलमाशी सोडून ती आटोक्यात आणावी लागली. आपल्याकडे तिला खाणारे किडे आधीपासूनच आहेत, म्हणून ती इतकी माजत नाही. पण त्या किड्यांना आपणच मारतो. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या एका भुंगेऱ्याची अळी त्यांच्यासारखीच पांढरी, मेणाच्या झिपऱ्यांची असते. ओळखायची खूण अशी: ती आकाराने बरीच मोठी असते आणि डिवचलं की चटकन पळते. ढेकूण जागचा फारसा हलत नाही. पळणारी दिसली तर त्या फांदीवर काही मारू नका.

बाकी उपाय सोपे. आखडलेले शेंडे कापून थेट साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवायचे, कंपोस्टमध्ये टाकायचे नाहीत. मग पाइपच्या जोरदार धारेने झाड धुवायचं. संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब घालून पानांच्या खालून फवारायचं, आठवड्याने पुन्हा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा. गोड रसासाठी मुंग्या या ढेकणांची राखण करतात.

मोठ्या फुलाची हौस असेलच, तर दोन मार्ग आहेत. बेंगळुरूकडून येणारी कलमी जास्वंद, वीतभर फुलाची, रंगांना तोटा नाही. पण ती नाजूक. ती कुंडीतच ठेवा आणि जूनमध्ये पागोळ्यांच्या आत घ्या, नाहीतर मुळकूज ठरलेली. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: हिबिस्कस म्युटॅबिलिस, नर्सरीत ‘कॉटन रोझ’ म्हणून मिळतं. फूल सकाळी पांढरं, दुपारी गुलाबी, संध्याकाळी गडद. पाऊस ओसरला की बहर येतो, फांदी खोचून सहज होतं, आणि पाहुण्यांना दाखवायला ताटाएवढ्या फुलापेक्षा हे बरं.

एवढं वाचूनही ताटाएवढंच फूल हवं असेल, तर बी परदेशातून टपालाने मागवू नका. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे त्याला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. भारतातल्या विक्रेत्याकडून घ्या. बीचं कवच टणक असतं, पॉलिश पेपरवर एका बाजूने थोडं घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. जानेवारीत पेरा, चौदा इंची कुंडीत वाढवा, पाणी भरपूर द्या, कारण हे दलदलीचं झाड, कोरडं पडलेलं त्याला चालत नाही. खाली थाळी ठेवायची तर तिच्यातलं पाणी रोज ओता, डासांचं घर नको. एप्रिलपासून कुंडी ओटीजवळ आणा आणि दिवेलागणीपासून रात्री दहापर्यंत वर एक साधा एलईडी बल्ब पेटता ठेवा. झाडाला तो दिवसच वाटतो. कळी धरली तर यानेच धरेल.