ब्लाऊ वाचताना सावड आठव

पोरा, पीएचडीला समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाऊ घेतलास, फार आनंद झाला. पण त्याचा प्रभाव नुसत्या उद्धरणांच्या आकड्यांवरून ठरवू नकोस. आधी सामाजिक देवाणघेवाण नि सत्तेवरचा त्याचा १९६४ चा मूळ ग्रंथ वाच. त्याच विषयावरचा समाजशास्त्रज्ञ होमन्सचा १९५८ चा नि इमर्सनचा १९६२ चा लेख सोबत ठेव. मग बीडला जाऊन ऊसतोड कामगारांशी बोल. सावडीत आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. फेड बरोबरीची, म्हणून मानही बरोबरीचा. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र फिटत नाही, दुसरा आधार नसतो. मग त्याचा शब्द झेलावाच लागतो. परतफेड खुंटली की सत्ता उभी राहते, हेच तर ब्लाऊचं म्हणणं! मला ते आहेराच्या वहीवरून उमगलं होतं. आणि हो, १९७७ च्या ग्रंथात तो समाजरचनेकडे वळला, त्यावर एक प्रकरण लिहीच.